पोटुशीचा वाटा

ला सिएनेगिता, २२ मार्च २००४

नोएमी बाळ,

आधीच सांगते, अक्षराकडे बघू नकोस. परवापासून हात कापतोय मेला. सुईत दोरा ओवायला बसले तर सुई एकीकडे आणि दोरा दुसरीकडे. ऊन बाधलं असेल. यंदा मार्चातच असं तापलंय की कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीला पडून असतात. तू काळजी करू नकोस, आणि रोहेलिओला तर बोलूच नकोस. तुझा नवरा जनावरांचा डॉक्टर, तो लगेच माझीसुद्धा तपासणी सुरू करायचा!

तुझं पत्र आलं. दोन वर्षांनी आलं, आणि आलं ते केवढी बातमी घेऊन! बसच्या ड्रायव्हरने हातात दिलं आणि मी वाचत वाचत दारातच मटकन खाली बसले. तो म्हणाला, "काय मावशी, कोण गेलं?" म्हटलं, "गेलं नाही रे, येणार आहे कुणीतरी."

तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. उठून गोठ्यामागे गेले आणि बऱ्याच वेळाने आले ते डोळे लाल करून. म्हणे, धूर गेला. आता गोठ्यामागे कुठला आलाय धूर? मग जेवताना तोर्तिया मोडता मोडता म्हणाले, "मे महिन्यात सान इसिद्रोच्या सणाला तिला बोलव. त्या मुताच्या बाटल्या गोळा करणाऱ्यालाही येऊ दे. बाटल्या तेवढ्या घरी ठेवून ये म्हणावं."

हसू नकोस. या माणसाने दोन वर्षं घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही. का, तर आपण गोऱ्हे पोसून विकणारी माणसं, आणि तू लग्न केलंस ते कत्तलखान्यात त्याच गोऱ्ह्यांचं मूत तपासणाऱ्याशी. त्या मानाने हे खूपच झालं. आणि ऐक, पोटुशीचा वाटा ते स्वतः तुला वाढणार आहेत. आठवतं ना तुला, सणाचं जनावर कापलं की पहिली कलेजी निखाऱ्यावर भाजायची आणि घरच्या गरोदर बाईला घरच्या मोठ्या माणसाने आपल्या हाताने द्यायची, म्हणजे बाळाला रक्त भरतं. तिने खाल्ल्याशिवाय बाकी कुणी मांसाला हात लावायचा नाही. तुझ्या वेळी माझ्या सासऱ्यांनी मला वाढली होती. तुझे बाबा म्हणाले, "माझ्या पोरीला तिचा वाटा मीच देणार. अख्ख्या गावासमोर देणार."

शेजारीण चायोच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला परवा. मांस आपल्याच गोऱ्ह्याचं होतं, मीच शिजवलं. जेवणं उरकल्यावर गंमतच झाली. एकजण छाती धरून बसला, दुसरा डोकं धरून बसला, वाजवणाऱ्याला गिटारची तार दाबता येईना. टकीला स्वस्तातली आणली असणार चायोने, दुसरं काय. मी तर थेंबभरसुद्धा घेतली नव्हती. पण माझं आपलं ऊन बाधलेलं.

तुझ्या छातीबद्दल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते खरं खरं लिही. लहानपणच्या त्या तापाने तुझ्या काळजाची झडप दुखावली, तेव्हापासून मी तुझ्या छातीला कान लावून झोपलेली बाई आहे. मला फसवू नकोस.

तुझी आई,
अंपारो

१८ एप्रिल

बाळ,

म्हणजे मी भीत होते तेच. "काळजावर ताण येता कामा नये, ठोके वाढले तर बाळाला आणि तुलाही धोका." हे तू तीन ओळींत लिहून टाकलंस आणि पुढे पाळण्याचा रंग कोणता द्यायचा ते विचारतेस! रंग कसला विचारतेस? जिने चढू नकोस. बादली उचलू नकोस. रोहेलिओला म्हणावं, बायकोला बसवून ठेव, नाहीतर सासू येऊन कान उपटेल.

इकडचं सांगते. लुसेरोला तू ओळखणार नाहीस. कपाळावर चांदणी असलेलं ते मरतुकडं वासरू, आई मेलेलं, ज्याला तू बाटलीने दूध पाजलंस, तो आता गावातला सगळ्यात देखणा गोऱ्हा आहे. म्हणजे लोक म्हणतात देखणा. पाठीवर मधोमध अशी पन्हळ पडलीय की पाणी ओतलं तर शेपटीपर्यंत वाहत जाईल. मागून बघावं तर मांड्या फुगून दोन्हीकडे वेगळ्या झाल्यात. खांद्यावर गोळे आलेत. कातडी इतकी ताणलीय की खालच्या शिरा मोजाव्यात. आणि हे सगळं या दोन महिन्यांत. तुझे बाबा कुंपणावर हात टेकून त्याच्याकडे बघत बसतात. म्हणतात, "याला सजवून मिरवणुकीत नेतो. मग बघू कोण म्हणतं एवेरार्दोची जनावरं हाडकुळी."

खुराक बदललाय त्यांनी. मेलचोर नावाचा एक माणूस येतो, काळ्या काचांच्या गाडीतून. बोलायला गोड आहे. मला म्हणतो, "वहिनी, आधी जे खाऊन चरबी व्हायची, तेच खाऊन आता मांस होतं. चारा तोच, खर्च तोच. जनावराला कळतसुद्धा नाही." गुआदालाहारा शहरातले खाटीक आता चरबीचं जनावर दारात उभं करत नाहीत, हेही खरं आहे.

जनावराला कळत नाही म्हणे! लुसेरो उभ्या जागी थरथरतो गं. काही न करता. सावलीत उभा असला तरी घामाने भिजलेला, तोंडाला फेस, आणि बरगड्यांपाशी बघितलं तर ठोके डोळ्यांना दिसतात. मला बघवत नाही. मी परसातून जाताना मान खाली घालून जाते.

आणि मांसाचं काय सांगू! चाळीस वर्षं मी हंड्यात मांस शिजवतेय. वर चरबीचा तवंग यायला हवा, सोनेरी. हल्ली हंडा उघडला की साधं पाणी. मांस सकाळी चढवावं तर दुपार टळली तरी चामड्यासारखं. मी यांना म्हटलं, "अहो, हे मांस मांसासारखं वागत नाही." तर म्हणाले, "तू स्वयंपाक कर. तपासायला जावई आहे."

रोहेलिओला सहज विचारशील का, की एखादं जनावर असं थरथरत असलं तर काय असतं? माझं नाव घेऊ नकोस. लुसेरोचंही नको.

नको. विचारूच नकोस. मी आपली काहीतरी बोलते. ही ओळ खोडली असती, पण कागद एकच उरलाय.

तुझी आई

३० एप्रिल

नोएमी, हे पत्र मी टाकणार नाही. पण कुठेतरी बोलल्याशिवाय मला आता श्वास घेता येत नाही.

आज चायो आली. हसत हसत आली. तिच्या सुनेला बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं होतं, ते माझ्या कानावरच आलं नव्हतं. चायो म्हणाली, "डॉक्टर तरी बघ कसले वेडे! पोरगी थरथरतेय, ठोके धावतायत, आणि हा विचारतो, कलेजी खाल्लीत का? अगं खाल्लीच होती, घरात पोटुशी नसली की बाळंतिणीचाच वाटा ना तो!" मी विचारलं, मग काय म्हणाला? तर म्हणाला, जनावरांना मांस चढावं म्हणून आंबोणातून एक पांढरी पूड घालतात. दम्याच्या माणसांना देतात त्या औषधाच्या जातीची, पण जनावराला घालतात ती मापाबाहेर. ती मांसात उतरते आणि सगळ्यात जास्त कलेजीत साठते. शिजवून जात नाही, भाजून जात नाही. आणि ज्याचं काळीज आधीच दुखावलेलं, त्याने तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. चायोला वाटतं ही सगळी डॉक्टर लोकांची थेरं. सून तरणी होती म्हणून सुटली. तिचं मूल पोटात नव्हतं, मांडीवर होतं.

मी पण हसले. हसले गं मी! चायो गेली आणि मी मोरीत जाऊन ओकले.

रोहेलिओ बाटल्यांतून शोधतो ती हीच असणार. आणि ती पांढरी पूड कुठे असते हे मला माहीत आहे. लहान मुलांच्या दुधाच्या डब्यात, मिठाच्या पोत्यामागे. तुझे बाबा रोज संध्याकाळी चमच्याने आंबोणात कालवतात. मला वाटायचं, ताकदीचं काहीतरी असेल. खोटं कशाला बोलू, मला तसं वाटून घ्यायचं होतं.

मी त्यांना सांगितलं. आजच, तोंडावर सांगितलं. म्हटलं, "अहो, ती कलेजी तुम्ही नोएमीला देणार. तिच्या छातीचं माहीत आहे ना तुम्हाला?" तर त्यांनी ताटच सरकवलं. "मी रोज ती पूड हाताने कालवतो, मला काय झालं? हे सगळं सरकारी माणसांनी उठवलंय, त्या जावयासारख्यांनी. मेलचोर म्हणतो, सणाच्या आधी बंद केली की निघून जाते अंगातून." मी म्हटलं, मग करा बंद. तर पाठ फिरवून गोठ्याकडे निघाले. कारण बंद केलं की लुसेरो उतरणार, आणि मिरवणूक तोंडावर आलीय. माझ्या नवऱ्याला मी ओळखते. तो वाईट नाही गं. त्याला आपल्या पोरीला गावातलं सगळ्यात मोठं जनावर कापून खायला घालायचंय, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. याचीच मला भीती वाटते. वाईट माणूस असता तर त्याच्या हातून तू घास घेतला नसतास.

तुला कळवावं तर तू रोहेलिओला सांगणार. तू नाही सांगितलंस तरी तुझा चेहरा सांगेल. आणि रोहेलिओ सरळ माणूस आहे, तो गप्प बसायचा नाही. मग तुझे बाबा तुरुंगात. आणि मेलचोर? पलीकडच्या वाडीतल्या एकाने तोंड उघडलं होतं, त्याचा ट्रक अंगणात जळाला, दिवसाढवळ्या, आणि कुणी काही बघितलं नाही. मेलचोर त्याच्याबद्दल बोलला होता माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच हातची कॉफी पीत. "बोलणारा सापडायला वेळ लागत नाही, वहिनी." आणि वर म्हणाला, कॉफी छान झालीय.

दुकानातला फोन जवळच आहे. पण दुकानात बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

मी काय करू? सान इसिद्रोबाबा, मी काय करू?

१ मे

नोएमी बाळ,

घाईत लिहितेय. या वेळी सणाला येऊ नकोस. गावात कांजिण्यांची साथ आलीय, घरोघरी पोरं झोपलीत. पोटुशीने अशा ठिकाणी येऊ नये हे तुला सांगायला नको. बाबांची समजूत मी घालते. बाळ झाल्यावर निवांत या.

पाळणा पिवळा रंगव.

तुझी आई

९ मे

नोएमी,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचायची हिंमत झाली नाही.

तू दुकानात फोन करून चायोला बोलावून घेतलंस आणि विचारलंस, कांजिण्या कुणाला आल्यात? आणि चायो म्हणाली, कुणालाच नाहीत. बरं केलंस बाई. तू लिहितेस, "बाबांनी दार उघडलं आणि तू लावून घेतलंस. दोन वर्षं मला वाटायचं तू माझ्या बाजूची आहेस. रोहेलिओला जावई म्हणून गावासमोर बसवायची लाज वाटते, तर तसं सांग." अगं, लाज? मला? तुझ्या लग्नाला चोरून आलेली मी एकटी होते, विसरलीस?

आणि शेवटी लिहितेस, "आम्ही येणारच. बाबांनी बोलावलंय."

बरं. ये.

आता मी जे सांगते ते नीट ऐक. मी बाबांकडून वचन घेतलंय, सान इसिद्रोच्या तसबिरीवर हात ठेवून. लुसेरो नुसता मिरवणुकीत जाणार. तो तुझा लाडका, तुझ्यासमोर त्याला कापायचं नाही, असं मी रडून भेकून कबूल करवून घेतलं. खरं कारण सांगून जे जमलं नाही, ते या कारणाने जमलं. जेवणाला बोकड कापायचा. डोंगराकडच्या मेंढपाळाकडून मी स्वतः आणलाय, रानातलं खाऊन वाढलेला, खाणीतल्या दगडासारखा काटक. पोटुशीचा वाटा त्याच बोकडाचा.

आलीस की माझ्याजवळ बस. माझ्याच हातचं खा, दुसऱ्या कुणी काही दिलं तर नको म्हण. का, ते विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज.

मला झोप लागत नाही, पण ते वयाने.

तुझी आई

२१ मे

नोएमी,

हे पत्र फाडू नकोस. फाडायचं तर शेवटपर्यंत वाचून फाड. सोबत तीस एप्रिलला लिहिलेलं आणि न टाकलेलं एक पत्र ठेवलंय, ते आधी वाच. मग इथे ये.

वाचलंस? आता सणाच्या दिवसाचं सांगते. तू तिथे होतीस, पण तुला दिसलं ते वेगळं आणि घडलं ते वेगळं.

तू गाडीतून उतरलीस आणि माझ्याकडे न बघता बाबांच्या गळ्यात पडलीस. मला वाईट वाटलं नाही. मी तुझं पोट बघत होते. मग रोहेलिओला पाहुण्यांनी मांडवात बसवून घेतलं, त्याला लुसेरो जवळून दिसलाच नाही, आणि तू एकटी लुसेरोकडे गेलीस. कागदाच्या फुलांची माळ त्याच्या गळ्यात तूच बांधलीस, कपाळावरची चांदणी कुरवाळलीस, आणि त्याने तुझ्या तळव्याला जीभ लावली. तू म्हणालीस, "बाबा, हा थरथरतोय." बाबा म्हणाले, "तुला बघून आनंद झालाय त्याला." मी तुझ्याजवळ येऊन कानात सांगणार होते, देवाशपथ. पण मेलचोर तिथेच टोपीने वारा घेत उभा होता, आणि तू मला पाहून तोंड फिरवलंस.

ऊन तर तुला आठवतच असेल. चर्चच्या पायऱ्यांसमोर फादरनी त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि तो पुढच्या गुडघ्यांवर बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! म्हणे, नमस्कार करतोय. मग आडवा झाला. डोळे पांढरे. एवढाले गोळे अंगावर, पण ते अंग उचलायला छातीत दम उरला नव्हता.

तुझे बाबा ओरडले, "सुरी आणा! आशीर्वाद घेतलेलं जनावर मातीत घालवायचं नाही!" मी त्यांची बाही धरली. "अहो, बोकड! शपथ घेतलीत!" म्हणाले, "मी कापायचं ठरवलं नव्हतं, अंपारो. देवानेच वाढलंय." आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

बाकीचं मांस शिजायला संध्याकाळ होणार होती. कलेजीला कितीसा वेळ लागतो? निखारे तयार, कांदा, मीठ. बाबांनी सदरा बदलला, आठवतं? पांढरा, लग्नातला. ताट दोन्ही हातांनी धरून ते तुझ्यासमोर उभे राहिले. मुताच्या बाटल्यांवरून एक शब्द नाही. नुसतं "घे, पोरी" म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. अख्खा गाव बघत होता. तुझे डोळे भरून आले. तू एक तुकडा उचललास.

मी काय करणार होते, सांग. खरं बोलावं तर मेलचोर चार हातांवर बसलेला, तुझ्या नवऱ्याच्या शेजारी, त्याच्या खांद्यावर हात टाकून. ताट सांडावं तर त्यांनी दुसरा तुकडा भाजला असता, एवढी मोठी कलेजी. पण वाटा एकदा खाल्ला गेला की पुन्हा वाढत नाहीत. म्हणून मी ताट हिसकावलं. उभ्या उभ्या हाताने खाल्लं, तोंड भाजलं तरी खाल्लं. तुझ्या बोटांतला तुकडा ओढून घेतला. ताट चाटूनपुसून रिकामं केलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की थोडी उरलीय, ती दे तिला.

चायो किंचाळली, "अगं बाई, पोटुशीचा घास! हिला झालंय काय?" कुणीतरी म्हणालं, प्यायलीय. म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रूस काढले. पोटुशीचा वाटा खाणारी तिच्या बाळाचं वाईट चिंतते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तू पांढरीफटक पडलीस आणि म्हणालीस, "तुला माझं मूल नको आहे, हे सरळ सांगायचं होतंस, आई." रोहेलिओने तुला धरून गाडीत बसवलं. गाडी धूळ उडवत गेली. आणि बाळ, तुला राग येईल, पण मला हायसं वाटलं. वेशीबाहेर गेलीस तोपर्यंत मी टाचा उंचावून बघत होते.

मग माझं सुरू झालं. आधी बोटं, मग हात, मग जबडासुद्धा. छातीत असे ठोके की झग्याचा गळा उडताना दिसत होता. वाटलं, आता फुटणार. लुसेरोचं जे बघवत नव्हतं ते माझ्याच अंगात आलं. मनात एकच, की हे तुझ्या छातीत झालं असतं, तुझ्या त्या झडपेत, आणि आत ते इवलं.

बाबांनी मला उचलून ट्रकमध्ये घातलं. दवाखान्यात तोच डॉक्टर. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कलेजी खाल्लीत?" बाबा टोपी हातात धरून भिंतीशी उभे होते. मला सलाईन लावलं, जिभेखाली कसली गोळी ठेवली. बऱ्याच वेळाने बाबा डॉक्टरला म्हणाले, "माझ्या मुलीच्या काळजाला लहानपणापासून दुखणं आहे. सहावा महिना चालू आहे तिला. तिने खाल्ली असती तर?" डॉक्टरने बोटाने माझ्या धडधडणाऱ्या छातीकडे दाखवलं. बाबा तिथेच जमिनीवर बसले, लहान पोरासारखे.

बाबा घरी गेले ते थेट चुलीकडे. हंडे विस्तवावरून उतरवले, सगळं मांस खड्ड्यात घालून वर चुना टाकला. लोकांना म्हणाले, मांस नासलं, घरी जा. एकानेही घास घेतलेला नव्हता, कारण वाट्याआधी कुणी खात नाही. ती रीत तेवढी उपयोगी पडली.

मी आता बरी आहे. हात अजून कापतो, बघतेस ना अक्षर? मार्चातल्या पत्रातही असंच होतं. तेव्हा ऊन नव्हतं गं. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी हंड्यातलं मीठ चाखलं होतं.

मला भीती वाटते. मेलचोरची गाडी काल फाटकासमोर थांबली. कुणी उतरलं नाही, काच खाली झाली नाही, इंजिन नुसतं चालू. आजही आली. मी भांडी घासत उभी राहिले. तुझे बाबा ओट्यावर जाऊन खुर्ची टाकून बसले. ते अजून तिथेच बसलेत.

मी त्यांना म्हटलं, नोएमीला सगळं लिहितेय. म्हणजे रोहेलिओलाच लिहितेय, ठाऊक आहे ना? म्हणाले, "संपलं की मला दे. खाली जागा ठेव."

तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. बाळ झालं की फक्त ठोके कसे आहेत ते कळव.

तुझी आई,
अंपारो

रोहेलिओ,

मी एवेरार्दो लिहितोय. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. गोठ्यात अजून नऊ गोऱ्हे उभे आहेत. सगळ्यांना तेच घातलंय. तुमच्या बाटल्या घेऊन या. सरकारी माणसं आणायची तर आणा. डबा मी फेकलेला नाही, मिठाच्या पोत्यामागे आहे तिथेच ठेवलाय. मेलचोर कुठून येतो, कुठे जातो, ते मी तुम्हाला तोंडी सांगेन. कागदावर नको. मी कुठे पळणार नाही, पण लवकर या. नोएमीला आणू नका, इथे सध्या भरवसा नाही. अंपारोला तुमच्याकडे पाठवायची आहे, येताना तिला बसायला जागा ठेवा.

आणि नोएमीला एवढं सांगा. आईने हिसकावलं ते ताट तिच्या बापाने स्वतःच्या हाताने वाढलं होतं.